तक्त्यातली एकमेव निरोगी बाई

बेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं आणि दुसऱ्याच सत्रात घरातल्या प्रत्येकाला एकेक मनोविकार वाटून मोकळी झाले. हे काही मी मिरवायला सांगत नाही, पण लपवतही नाही. पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात शेवटून दुसरं प्रकरण होतं, मानसिक विकारांचं आकलन आणि वर्गीकरण. ते ज्याने कुणी पहिल्यांदा वाचलं असेल त्याला विचारून पाहा. दर पानावर ओळखीचा चेहरा दिसतो. चिंताविकाराची लक्षणं वाचता वाचता माझी छाती धडधडायला लागली, आणि छाती धडधडणं हेही एक लक्षण असल्याचं खालच्याच ओळीत छापलेलं होतं. पुस्तक मिटून मी ग्लासभर पाणी प्यायले आणि पुन्हा उघडलं.

आमचं रान नाशिकच्या कडेला, कालव्याच्या अलीकडे. शहर आता बांधापर्यंत आलंय. एका बाजूला सात मजली इमारत आणि दुसऱ्या बाजूला आमची मेथी. तीन एकरात मेथी, कोथिंबीर, शेपू आणि हंगामात टोमॅटो. शेती मोठे दीर बघतात, माझा नवरा ओझरच्या कारखान्यात शिफ्टला जातो. मुलं शिकायला बाहेरगावी गेली आणि घरात आम्ही चौघंच उरलो, दोन भाऊ आणि दोन जावा. रिकामपण अंगावर यायला लागलं तेव्हा मी शनिवार-रविवारच्या वर्गांना नाव घातलं. नवऱ्याने विचारलं, "आता शिकून काय करणार?" मी म्हटलं, "तुम्हाला ओळखणार." तो हसला. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला माहीत नव्हतं.

वर्गीकरण हा शब्द वाचून मला तर आनंदच झाला होता. वीस वर्षं मी दुसरं काय केलं? टोमॅटो तोडून आणले की आम्ही अंगणात बसून प्रतवारी करतो. एक नंबर या क्रेटमध्ये, दोन नंबर त्या क्रेटमध्ये, फुटका-किडका बांधावर. हातात घेतला की कळतं, डोळ्यांनी बघावंही लागत नाही. मला वाटलं, माणसांचंही असंच असणार.

त्यातच आमच्या मॅडमनी गृहपाठ दिला. रोज दिसणाऱ्या चार-पाच माणसांच्या वागण्याचं निरीक्षण लिहून आणा, आजाराचं नाव देऊ नका, फक्त जे दिसतं ते लिहा. यातलं पुढचं अर्धं मी ऐकलंच नाही. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारल्या आणि चार रकाने केले. माणूस, वागणं, विकार आणि शेवटचा रकाना प्रत. हो, प्रत! एक नंबर, दोन नंबर, फुटका. आज आठवलं तरी कान गरम होतात.

नवरा शिफ्टवरून आला की तासभर भिंतीकडे बघत बसतो, बोलत नाही. त्याच्यापुढे लिहिलं, नैराश्य. दीर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या टोमॅटोचं कौतुक ऐकवतात. आत्मप्रौढी, व्यक्तिमत्त्व विकार. स्वतःपुढे लिहिलं चिंताविकार, कारण प्रामाणिकपणा दाखवायला हवा होता. भाऊ-बहीण, शेजारीण, कुणीही सुटलं नाही. एका माणसापुढे मात्र मी लिहिलं, विकार नाही, प्रत एक नंबर. ती माझी जाऊबाई.

तिला मी ताई म्हणते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मला एकच ऐकवलं गेलं की जावेकडून शीक. तिच्या हातची मेथीची जुडी म्हणजे मार्केटला नावाजलेली. मातीचा कण नाही, पिवळं पान नाही, बांधणी अशी की जिन्यावरून फेकली तरी सुटायची नाही. लिलावाला व्यापारी सांगायचा की या घरची जुडी डोळे झाकून उचला. मागच्या तीनेक वर्षांत तर ती जास्तच चोख झाली होती. बांधायच्या आधी हात धुवायची, मधे धुवायची, नंतर धुवायची. बांधलेली जुडी सोडून पुन्हा टाकीत बुडवायची. पहाटे पाचला बसलेली बाई दुपारच्या लिलावाची गाडी हलली तरी उठायची नाही. फवारणी केलेल्या वाफ्याच्या बांधावरून चालायची नाही, लांबून वळसा घालायची. तळहाताला भेगा पडल्या होत्या, त्यात ती कोकमाचं तेल भरायची. हे सगळं मी तक्त्यात जसंच्या तसं लिहिलं, कारण मला दाखवायचं होतं की निरोगी, कष्टाळू बाई कशी असते. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. आणि ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे मी कधी नीट बघत नाही, हा माझा स्वभाव.

त्याच आठवड्यात आमच्या घरी बारसं होतं. जाऊबाईची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर सटाण्याचं, कांद्याच्या व्यापाराचं घर. मुलगी झाली होती. छान गुटगुटीत, डोक्यावर जावळ असं की आतापासूनच वेणी घालावी. पहिलं बाळंतपण म्हणजे आईचा मान. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं सगळं आजीने करायचं. पण बारा दिवस झाले तरी जाऊबाईने बाळाला हात लावला नव्हता. पाणी तापवून द्यायची, शेगडी पेटवून द्यायची, डिंकाचे लाडू वळायची आणि दारातूनच मागे फिरायची. अंघोळ मी घालत होते. मला वाटलं, बाई कामात आहे.

बारशाच्या दिवशी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या. आमच्याकडे बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून हातोहात देतात. आत्याने नाव ठेवलं, कानात सांगितलं आणि बाळ फिरायला लागलं. या हातातून त्या हातात, वरून, खालून. जाऊबाईची पाळी आली तेव्हा ती दोन पावलं मागे सरली.

"माझे हात ओले हायत," ती म्हणाली.

कुणीतरी टॉवेल दिला. तिने तो घेतला नाही. तिच्या समोर विहीणबाई बाळाला धरून तशाच उभ्या. मग विहीणबाई सरळच म्हणाल्या, "पोर व्हयनी म्हनीसन हात लावत नही का, इहीनबाई?"

मुलगी झाली म्हणून हात लावत नाही का. अख्ख्या घराच्या मनात जे होतं ते त्या बोलून गेल्या. जाऊबाईने मान हलवली आणि ती तशीच मोरीकडे गेली. नळाचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. माझी पुतणी बाजेवर बसून रडायला लागली. जाताना विहीणबाईंनी सांगून टाकलं, "तिसरा महिना सरना का आम्ही लई जासूत." न्यायला येणार हे तर ठरलेलंच होतं, पण ज्या सुरात म्हणाल्या त्यावरून कळलं की या घराकडे नात पुन्हा फारशी फिरकणार नाही. रात्री जेवताना पुतणीने मला विचारलं, "काकू, आईला मुलगी नको होती का?" जाऊबाईचा मला भयंकर राग आला होता. इतकी सुशिक्षित लेक, इतकं गोड बाळ, आणि ही बाई असल्या जुन्या विचारांची! मी तक्ता काढून तिची प्रत एक नंबरवरून दोन नंबर केली.

रविवारी तो तक्ता मॅडमच्या हातात होता. मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला हळू आणि ऐकायला चिवट. त्यांनी सगळा वाचला आणि मला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं.

"तुमचे मिस्टर आठ तास मशिनवर उभे राहतात ना? घरी येऊन तासभर गप्प बसण्याला नैराश्य नाही म्हणत, दमणं म्हणतात."

"हो मॅडम."

"आणि हा प्रतीचा रकाना कसला?"

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ही प्रतवारी नाही. माणसाला क्रेटमध्ये टाकायला आपण वर्गीकरण करत नाही, त्याच्या त्रासावर काय उपाय करायचा ते कळावं म्हणून करतो. वेगळं वागणं म्हणजे विकार नव्हे. त्या माणसाला स्वतःला त्रास होतोय का? त्याचं रोजचं काम, नाती, खाणंपिणं अडतंय का? त्याला किंवा दुसऱ्याला इजा होतेय का? हे विचारायचं." मग त्यांनी जाऊबाईच्या ओळीवर बोट ठेवलं. "सबंध तक्त्यात मला एकाच माणसाची काळजी वाटते, आणि तिला तुम्ही निरोगी लिहिलंय. कागदावरून मी काही सांगणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण या बाईंना डॉक्टरांना दाखवा. हात इतके का धुतात, हे त्यांना कुणी कधी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही फक्त कौतुक केलं होतं. बसमधून येताना मला रडू आलं, आणि ते जाऊबाईसाठी कमी आणि स्वतःच्या लाजेचं जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीपाशी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती मेथी बुडवत होती. सरळ विचारलं, "ताई, हात न धुता राहिलात तर काय होईल?"

तिने वर पाहिलं नाही. हातातली जुडी पुन्हा पाण्यात बुडवली. मग म्हणाली, "कोनतरी मरंल."

आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या फवारलेल्या कोबीची पानं खाऊन शेजारच्यांची शेळी गेली होती. मी ते विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच चालू होतं, की फवारणीचं विष आपल्या हाताला आहे, ते जुडीला लागेल, जुडी कुणाच्या तरी घरी जाईल आणि तिथलं लेकरू मरेल. फवारणीला ती कधी जातच नव्हती, पंप दिरांच्या पाठीवर असायचा. हे तिला पक्कं माहीत होतं. "मला कळतं गं, येडेपना हाय. पन धुतलं का जरा बरं वाटतं, आन् लगेच परत वाटतं, धुतलं का नाय नीट?" बाळ जन्मलं आणि ते मरणारं लेकरू कोण हे तिच्या मनाने ठरवूनच टाकलं. "लय मन व्हतं गं घ्यायचं. रोज दारातून बघते मी. माझ्या हातानं तिला काय झालं तर?"

मी तिला जवळ घेतलं. ती अंग चोरून बसली, तिच्या हाताचा मला स्पर्श होऊ नये म्हणून. ज्या बाईला मी दोन नंबरच्या क्रेटमध्ये टाकलं होतं ती नातीला वाचवायला नातीपासून लांब राहत होती.

दिरांना सांगितलं तर ते भडकले. "माझी बायको येडी हाय का? अख्खं मार्केट तिच्या जुडीचं नाव घेतं!" मी पण भडकले. मी म्हटलं, "भाऊ, त्या जुडीकडे तीन वर्षं बघताय, एकदा तिच्या तळहाताकडे बघा." ते उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईला घेऊन निघाले तेव्हा गाडीची चावी घेऊन तेच दारात उभे होते. दवाखान्यापर्यंत त्यांनी गाडी अशी चालवली जशी टोमॅटोचे क्रेट आहेत मागे.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तासभर ऐकून घेतलं. मग सांगितलं की या आजाराला पुस्तकात लांबलचक नाव आहे, विचार आणि कृती यांच्या अनिवार्यतेचा विकार, आणि आपल्याकडे साध्या भाषेत त्याला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार परत परत येतो, तो शमवायला माणूस एकच गोष्ट परत परत करतो, त्याने घटकाभर बरं वाटतं आणि म्हणूनच ती सवय घट्ट होत जाते. शेळीचं निमित्त झालं असेल, पण एवढ्या एकाच गोष्टीने होतं असं नाही.

जाऊबाईने विचारलं, "म्हंजे हे मला एकटीलाच नाय?"

"नाही हो, आजी. आज सकाळपासून तुम्ही दुसऱ्या."

जाऊबाईचा चेहरा तेव्हा मी पाहिला. तीन वर्षं एकटीने वाहिलेलं ओझं कुणीतरी ओळखलं होतं, त्याला नाव होतं, ते नाव छापलेलं होतं, आणि त्या नावापुढे उपायही लिहिलेला होता. मी पाठ केलेलं ते प्रकरण मला त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा कळलं. बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाली, "भूक लागलीय." दिरांनी गाडी थांबवली आणि आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली, तिने चमच्याने, पण दोन पाव जास्त घेऊन.

उपायात गोळ्या होत्या आणि एक वही होती. ज्याची ज्याची भीती वाटते ते सगळं कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत ओळीने लावायचं, प्रत्येकापुढे शंभरपैकी आकडा टाकायचा, आणि मग खालच्या पायरीपासून एकेक गोष्ट करायची आणि नंतर हात धुवायचे नाहीत. भीती आपोआप ओसरेपर्यंत बसून राहायचं. जाऊबाई सातवी शिकलेली, लिहायचं काम माझं. ती म्हणाली, "टोमॅटोवानी लावू का? बारकं खाली, मोठं वर?" लावलं तसंच. एकदा धुतलेली जुडी पुन्हा न सोडणं, पंधरा. फवारलेल्या वाफ्याच्या बांधावरून चालणं, चाळीस. त्यानंतर पीठ मळणं, पन्नास. बाळाची झबली घडी करणं, सत्तर. सगळ्यात वर बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं.

"किती लिहू, शंभर?"

"दीडशे लिव."

सुरुवात तर झोकात झाली. पहिल्या आठवड्यात तिने मेथी एकदाच धुतली, एकदाच बांधली, आणि नऊ वाजता तिचं काम संपलं. तीन वर्षांत पहिल्यांदा! ती अंगणात उभी राहिली, आता काय करायचं हे न कळून. संध्याकाळी गाडी परत आल्यावर तिने दिरांना दारातच गाठलं. व्यापारी काय म्हणाला? "काय म्हनायचंय? नेहमीसारखं उचललं," दीर म्हणाले. तिला ते खरंच वाटेना. तीन-तीनदा सोडून धुतलेल्या जुडीत आणि एकदा धुतलेल्या जुडीत मार्केटला काही फरक कळला नव्हता.

पुढे मात्र मीच घोळ घातला. ती घाबरून विचारायची, "काय व्हनार नाय ना गं?" आणि मी दहा-दहा वेळा सांगायचे, काही होणार नाही ताई, काही होणार नाही. डॉक्टरने ऐकलं आणि मलाच सुनावलं. "तुमचं ते सांगणं म्हणजेही हात धुणंच झालं. त्यांना धीर देऊ नका, त्यांच्यासोबत बसा फक्त." धीर न देता बसणं मला किती अवघड गेलं ते मलाच माहीत. गप्प बसायची मला सवय नाही. पाचव्या आठवड्यात तिने बाळाची झबली घडी केली आणि मागच्या दाराने जाऊन हात धुतले, इतके की भेगांतून रक्त आलं. मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि दोन दिवस वहीला हात लावला नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "तू ओरडली ते बरं केलं. लोकं माझ्यासमोर पाय वाजवत नाय आता, जशी काय मी आजारी हाय." आणि स्वतःच हसली.

लेकीला कुणी सांगायचं हा प्रश्न राहिला होता. मी सांगते म्हटलं तर जाऊबाई म्हणाली, नको, माझं मी सांगते. खोलीच्या दारात उभी राहून, उंबऱ्याच्या बाहेरून तिने सगळं सांगितलं, शेळीपासून वहीपर्यंत. शेवटी म्हणाली, "पोरगी नको व्हती असं नाय गं बाई. पोरगी लयच हवी व्हती." पुतणीने ऐकलं. मग एकदम चिडलीच. "आणि हे तू मला तीन वर्षं सांगितलं नाहीस? मी कोण आहे तुझी?" दोघी रडल्या, मीही रडले. मग पुतणीने बाळाचं दुपटं पायाकडून उघडलं, नुसतं एक पाऊल बाहेर काढलं आणि म्हणाली, "ये आत. एवढंच धर आज."

जाऊबाई आत आली. तिने दोन बोटांनी ते पाऊल धरलं. बाळाने पाय झटकला आणि पुन्हा तिच्या बोटांवर आणून टेकवला. आम्ही घड्याळ लावून बसलो होतो. वीसेक मिनिटांनी जाऊबाईने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं.

बाळाच्या तिसऱ्या महिन्यात माझी परीक्षा झाली. वर्गीकरणाचे उपयोग आणि मर्यादा लिहा, असा प्रश्न आला. पर्यवेक्षक कागद ओढायला आले तरी मी लिहीत होते. पुरवण्या बांधताना हात इतका दुखत होता की दोरा ओवता येईना. घरी आले तर जाऊबाईने विचारलं, "मी आले व्हते का पेपरात?" मी म्हटलं, "नाव नाही लिहिलं, पण दोन पानं तुम्हीच होता."

आणि मग विहीणबाई यायचा दिवस उजाडला. वहीत सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या होत्या, वरची एक सोडून. बाळाला ती मांडीवर घ्यायला लागली होती, पण दुपट्यात गुंडाळून. उघड्या अंगाला तेल लावायची हिंमत झाली नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं की घाई नको, नाही जमलं तर पुढच्या महिन्यात सटाण्याला जाऊन करा. मीही तिला काही म्हटलं नाही. विहीणबाई आठलाच गाडी घेऊन हजर. चहा झाला, बॅगा बाहेर आल्या. पाणी तापलेलं होतं. मी सवयीने पदर खोचून मोरीत पाटावर बसणार, तेवढ्यात जाऊबाई म्हणाली, "तू उठ."

मी उठले.

ती पाटावर बसली, पाय लांब केले आणि हात पुढे केले. पुतणीने बाळाचं झबलं काढलं आणि उघडं बाळ आजीच्या पायांवर ठेवलं. जाऊबाईने वाटीतलं तेल तळहातावर घेतलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने डोळे मिटले नाहीत, उलट मोठे केले, आणि दोन्ही तळवे बाळाच्या छातीवर ठेवले. मी बाजूला उभी होते, धीर न देता. पहिले काही क्षण तिचे हात नुसते टेकलेले होते. मग ते चालायला लागले. छातीवरून खांद्याला, खांद्यावरून दंडाला, पालथं घालून पाठीला, टाळूवर थबथब. त्या भेगाळलेल्या, भरत आलेल्या हातांना सगळं येत होतं. बाळ आधी रडलं, मग हुंकारलं, मग अंग सैल सोडून पडून राहिलं. विहीणबाई मोरीच्या दारात येऊन बघत होत्या. त्यांना आम्ही सगळं सांगितलेलं होतं, तरी त्यांनी तोंडाला पदर लावला.

तेल झालं, पाणी झालं, आणि जाऊबाई पुन्हा बाळाच्या डोक्याला तेल लावायला लागली. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. विहीणबाई म्हणाल्या, "आते बस करा, इहीनबाई, उशीर व्हई ऱ्हायना."

"थांबू द्या गाडी," जाऊबाई म्हणाली. "तीन महिने मी थांबले."

गाडी तासभर थांबली. मला नाचावंसं वाटत होतं. दीर उगाचच अंगणात टोमॅटोचे रिकामे क्रेट एकावर एक रचत आणि पुन्हा उतरवत फिरत होते आणि मधूनच डोळे पुसत होते. बाळाला टोपडं घालून, तीट लावून जाऊबाईने स्वतः गाडीपर्यंत नेलं, विहीणबाईंच्या हातात दिलं. विहीणबाईंनी तिचा हात धरून ठेवला. गाडी कालव्याच्या पुलावरून वळून दिसेनाशी झाली.

मी आत आले आणि कान देऊन उभी राहिले. एवढं तेल लागलेलं, आता नळ सुटणार, नुसता एकदा, सगळे धुतात तसा. आवाज आला नाही. स्वयंपाकघरात नव्हती, मोरीत नव्हती. पाहिलं तर पडवीत पायरीवर बसलेली, दोन्ही तळवे चेहऱ्यावर धरून. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन मी म्हटलं, "ताई, उठा, हात धुऊन घ्या, जेवायचंय."

तिने तळवे चेहऱ्यावरून काढले नाहीत. त्यांच्या आडूनच म्हणाली, "आज नाय धुवायचे गं. तिचा वास हाय हाताला."